चार इंची नळी

सोमवार, ९ सप्टेंबर १९८५

रक्तदाब १५२/९४. सकाळी मैलभर चाललो.

वसंतात माझ्या छातीने दगा दिला तेव्हापासून डॉक्टरने रोज हे आकडे लिहायला लावलं आहे. दोन आकड्यांनंतर पान रिकामं राहतं. एरवी मी तसंच सोडतो, पण आज जे झालं ते लिहून ठेवायला हवं.

नाश्त्याला बसलो होतो तेवढ्यात मागच्या दाराशी लव्हॉन उभी. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. वरचा ओठ फाटलेला, हनुवटीवर रक्त वाळून काळं पडलेलं. डाव्या हाताची दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. माइल्स सिटीहून एकशे दहा मैल एका हाताने गाडी चालवत आली माझी पोर. नवऱ्याने, डेलने, दारात बोटं चेंगरली म्हणाली. बोटं आत आहेत हे बघून मग दार लावलं.

तिच्या आईने, इंगाने, एक अक्षर विचारलं नाही. फ्रीजरमधून गोठलेल्या मटारची पिशवी काढली, फडक्यात गुंडाळली, पोरीच्या हातावर ठेवली, ओठ कोमट मिठाच्या पाण्याने पुसला. असल्या वेळी नेमकं काय करायचं ते तिला कसं ठाऊक असतं, देव जाणे. माझं डोकं फिरलं. टेबलावर मूठ आपटून मी ओरडलो, "कुठाय तो हरामखोर?"

लव्हॉनने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खुर्चीत मुटकुळं केलं. तो मोडका हातसुद्धा.

एकोणतीस वर्षांची बाई. त्या डेलने तिची ही गत करून ठेवली आहे.

मंगळवार, १० सप्टेंबर

बोटं बसवली. ओठाला सात टाके.

शेरीफचा डेप्युटी टॉम किल्डे येऊन तक्रार लिहून घेऊन गेला. टॉम भला माणूस, पण डेल दुसऱ्या जिल्ह्यात राहतो. "तिकडच्यांना कळवतो, ऑर्व्हल. ते त्याला समज देतील."

"समज? तो वेल्डर आहे, टॉम. त्याचा पंजा बघितलायस? हे म्हणजे रानडुकराला समज देण्यासारखं झालं."

"माहितीये. पण नवराबायकोच्या भानगडीत आमचे हात बांधलेले असतात."

माझे बांधलेले नाहीत.

गुरुवार, १२ सप्टेंबर

आज एमेट पर्डीच्या दुकानात गेलो. आमच्या हॅल्व्हर गावात बंदुकीचं दुकान एकच, मालकही एकच, पण तोंड दोन माणसांइतकं चालवणारा. माझ्याकडे हरणाची रायफल आहे, पण ती घरात फिरवता येत नाही. मला कमरेला राहील असं काहीतरी हवं होतं.

एमेट म्हणाला, "हल्ली सगळ्यांना ऑटोमॅटिक लागतं. पंधरा गोळ्या, आणि नेम एकाचाही नाही."

"मला रिव्हॉल्व्हर दाखव. जुनं, पोलादी."

त्याने काउंटरवर हिरवं कापड पसरलं आणि तीन मांडली. तिन्ही सहा गोळ्यांची, निळसर काळ्या पोलादाची, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. फरक नळीत. एकाची नळी जेमतेम दोन इंच, कोटाच्या खिशात मावेल एवढं. मी मुठीत धरलं तर माझा पंजाच मोठा दिसायला लागला. दुसऱ्याची सहा इंच. देखणं होतं, नेमाला पक्कं, पण तोंडाकडे जड. ट्रकच्या सीटवर बसल्याचा आव आणून मी ते कमरेवरून काढून बघितलं, तर नळी पट्ट्यात अडकली.

"अडकलास," एमेट हसला. "तेवढ्यात जावई तुझी टाळू मोजून गेला."

मग तिसरं उचललं. चार इंची. १९५७ सालचं, कुण्या पोलिसाने वीस वर्षं कमरेला बाळगलेलं. नळीच्या तोंडाशी चामड्यावर घासून घासून निळा रंग उडाला होता आणि खालचं पांढरं पोलाद दिसत होतं. ते हातात घेतलं आणि काय सांगू. वजन कुठे आहे ते कळेचना. डोळे मिटून मी हात समोर केला आणि डोळे उघडले, तर नळीच्या टोकावरची नेमाची माशी थेट भिंतीवर टांगलेल्या एल्क हरणाच्या मुंडक्याच्या डोळ्यावर. दुसऱ्यांदा केलं. पुन्हा डोळ्यावर. घोडा मागे ओढला की दोन टप्प्यांत आवाज येतो, उंची घड्याळाला किल्ली दिल्यासारखा.

"चार इंच," एमेट म्हणाला. "आखूड नळी भित्र्याची, लांब नळी मिरवणाऱ्याची. हे काम करणाऱ्याचं."

एकतीस वर्षं मी गावच्या धान्यकोठारावर व्यवस्थापक होतो. चाळीस माणसं हाताखाली होती. आता औषधाच्या गोळ्यांना आणि चालण्याला लागलो आहे. पण दुकानातून बाहेर पडताना माझी पावलं पूर्वीसारखी वाजत होती.

रक्तदाब १३८/८६. महिन्यातला सर्वांत चांगला.

रविवार, १५ सप्टेंबर

चर्चनंतर तिघं खडीच्या खाणीकडे गेलो. काल मी एकट्याने पन्नास गोळ्या झाडल्या होत्या. वीस पावलांवरून कॉफीच्या डब्यात सहापैकी चार.

लव्हॉन ट्रकमधून उतरलीच नाही. मी इंगाला म्हटलं, "ये, तुलाही शिकवतो. मी घरी नसलो तर?"

"मला नको, ऑर्व्हल."

"ये म्हटलं ना."

आली. कसं उभं राहायचं, श्वास कधी सोडायचा, चाप खेचायचा नाही तर दाबायचा, हे सांगितलं. इंगा साठीची, मनगटं वाळक्या काटक्यांसारखी. पहिली गोळी डब्याच्या खाली मातीत गेली. पुढच्या पाचही डब्यात. हात जरासुद्धा हलला नाही.

मग ती वळली. रिव्हॉल्व्हर खाली केलेलं, पण हातातच. आणि माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही. वारा होता, तिचे केस तोंडावर येत होते, तिने ते सारले नाहीत. शाबासकी हवी असणार तिला. मी म्हटलं, "छान. दे इकडे."

तिने दिलं. मूठ माझ्याकडे करून, शिकवलं होतं तसं.

पुन्हा तिला नेणार नाही. बायकांना मानवत नाही ते.

शनिवार, २१ सप्टेंबर

डेलचा फोन आला. मी उचलला तर काहीच न बोलता ठेवून दिला. तासाभराने परसातून आत आलो तर लव्हॉन फोनवर हळू आवाजात बोलताना सापडली. कानावर पडलं ते असं: "येऊ नकोस, डेल. खरंच सांगते. त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतलंय. तू त्यांना ओळखत नाहीस."

त्याला सावध करत होती! ज्याने बोटं मोडली त्याला!

मी फोन भिंतीतून तारेसकट उपटला आणि सिंकमध्ये फेकला. दोन पेले फुटले. लव्हॉन भिंतीला चिकटून उभी राहिली. इंगा लगेच केरसुणी घेऊन काचा भरायला लागली. ओणवी होऊन, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लव्हॉन, वर जा. हळूहळू जा. पळू नकोस."

पळू नकोस? तिला काय कुत्रं चावणार होतं?

माणूस कुणासाठी चिडतो हे या घरात कुणाला दिसत नाही. मी चिडतो ते माझ्या माणसांसाठीच.

रक्तदाब घेतला नाही.

गुरुवार, २६ सप्टेंबर

हे लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. रागाने.

दुपारी मी पेंड आणायला गेलो होतो. परतलो तर पायरीवर टग पडलेला. माझा म्हातारा कुत्रा, तेरा वर्षांचा, एका डोळ्याने आंधळा. त्याचं डोकं हातोड्याने फोडलं होतं. हातोडा शेजारीच टाकलेला. कुंपणाचे तीन खांब ट्रकने मोडून टाकलेले. टगचा उरलेला डोळा उघडा होता.

इंगा आणि लव्हॉन तळघरात. आतून दाराला टेबल लावलेलं. मी आहे असं ओरडून सांगितलं तरी टेबल हलल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

"दहा मिनिटं होता," इंगा म्हणाली. "शिव्या देत होता. टग भुंकत होता, आणि मग भुंकायचा थांबला."

"मी असायला हवा होतो!"

लव्हॉन म्हणाली, "नव्हतात ते बरं झालं, बाबा."

हे बोलणं झालं का? मी भित्रा आहे का? तिला विचारलं. ती म्हणाली, तसं नाही. मग कसं? सांगेना. मी तिचा खांदा धरून विचारलं तर इंगा मध्ये आली आणि म्हणाली, "ऑर्व्हल, कुत्र्याला पुरायचंय. अंधार पडेल." ते मात्र खरं होतं. पुरला. टॉम येऊन हातोडा घेऊन गेला. डेलवर वॉरंट काढतील म्हणे.

सोमवार, ३० सप्टेंबर

आता रिव्हॉल्व्हर सतत कमरेला असतं. चर्चमध्येसुद्धा, कोटाखाली. संध्याकाळी जेवणानंतर ते सुटं करतो, तेल लावतो, चक्र फिरवून ऐकतो. सहा इंची घेतलं असतं तर बसताना टोचलं असतं. दोन इंची असतं तर असल्याचा भासच झाला नसता. हे असल्याचं कळतं, पण आड येत नाही. अशी माणसंही मी आयुष्यात फार थोडी बघितली.

"जेवताना तरी ते खाली ठेव," इंगा आज म्हणाली.

"जेवतानाच तो आला तर?"

तिने माझ्या ताटात खिम्याचा मीटलोफ वाढला. मीटलोफ छान झाला होता. तसं म्हटलं मी.

इंगा दोन दिवस कपाटं उपसते आहे. हिवाळ्याचे कपडे, पांघरुणं, तिच्या आईची चांदीची चमच्यांची पेटी, सगळं खोक्यांत भरलं. चर्चच्या दानासाठी म्हणते. माझा एकही शर्ट त्यात नाही. बरं झालं, माझे अजून चांगले आहेत. स्पोकॅनहून तिच्या बहिणीची, सॉल्व्हेगची, आठवड्यात तीन पत्रं आली. फोन नाही म्हणून असेल.

सोमवार, ७ ऑक्टोबर

शनिवारी झालेलं आज लिहितो. उजव्या मनगटाला पट्टी आहे, म्हणून अक्षर असं.

बाराच्या सुमाराला इंगा स्वयंपाकघरात लव्हॉनचा ब्लाउज इस्त्री करत होती. लव्हॉन बटाटे सोलत होती. मी टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होतो. ट्रकचा आवाज आला नाही, त्याने तो लांब उभा केला असणार. मागच्या दाराची काच एकदम आत आली आणि तिच्या मागून डेलचा हात, हातात लोखंडी कांब. कडी काढून तो आत आला. दारूचा वास नव्हता. पूर्ण शुद्धीत होता. तेच वाईट.

"गाडीत बस," तो लव्हॉनला म्हणाला. "एकदाच सांगतो."

मी उठलो. तो मला "म्हाताऱ्या, बस खाली" म्हणाला आणि कांब फिरवली. ती माझ्या डाव्या खांद्यावर बसली. हाड वाजल्याचं ऐकू आलं, दुखलं मात्र नंतर. पडता पडता उजवा हात कमरेला गेला, आणि एमेटचं खरं ठरलं, नळी कुठेही अडकली नाही. नेम धरला असं म्हणता येणार नाही. हात गेला तिथे ती बघतच होती. पहिली गोळी त्याच्या मांडीत. त्या बंद खोलीत आवाज एवढा झाला की पुढचं सगळं मी पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकलं. तो एक पाऊल आणखी आला. दुसरी गोळी कमरेत. मग तो फ्रीजवर आदळून खाली बसला. कांब हातातून सुटून चुलीखाली गेली. फरशीवर रक्त असं पसरायला लागलं की जणू कुणी बादली लवंडली आहे.

"नको," तो म्हणत होता. "नको, नको. आई गं."

मी उभा राहिलो. घोडा मागे ओढला. तो दोन टप्प्यांचा आवाज मला ऐकू नाही आला, पण अंगठ्याला कळला. माशी त्याच्या दोन डोळ्यांच्या मध्ये ठेवली. इथे मला खरं लिहायचं आहे, कारण दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. त्या क्षणी मी संतापलेला नव्हतो. मला बरं वाटत होतं. छातीत काही नाही, खांद्यात काही नाही. इतकं बरं मला वसंतापासून वाटलं नव्हतं.

लव्हॉन मध्ये आली. त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली, हात पसरून.

"बाबा, पुरे. तो पडलाय. संपलंय."

"सरक."

"त्याच्यासाठी नाही म्हणत मी. बाबा, ऐका ना..."

"सरक म्हणतो ना!"

सरकली नाही. म्हणून मी तिला बाजूला केलं. हातात रिव्हॉल्व्हर होतं, दुसरा हात निकामी, तेव्हा त्याच हाताने केलं. नळी तिच्या गालाला लागली. ती बटाट्यांच्या सालांत आडवी झाली. मी पुन्हा माशी डेलवर आणली.

तेवढ्यात इंगाने तापलेली इस्त्री माझ्या मनगटावर ठेवली. ठेवली म्हणजे दाबून धरली. कातडीचा चर्र आवाज मात्र मी ऐकला. गोळी फरशीत गेली, डेलच्या कानापासून वीतभर. रिव्हॉल्व्हर पडलं. इंगाने ते उचललं, चक्र उघडलं, उरलेल्या गोळ्या तळहातावर काढल्या आणि पिठाच्या डब्यात टाकल्या. घाबरून गेली होती बिचारी. अशा गोंधळात कुणाला काय करतो ते कळतं? मी तिला त्याबद्दल काहीच बोललो नाही.

ती शेजाऱ्यांकडे फोन करायला एकटी गेली नाही. लव्हॉनला उठवून, बरोबर घेऊन गेली. मला आणि डेलला तिथेच ठेवून.

बुधवार, ९ ऑक्टोबर

माझ्या खांद्याचं हाड दोन जागी मोडलं आहे. लव्हॉनच्या गालाचं एका जागी. डेल बिलिंग्जच्या हॉस्पिटलात आहे, जगेल, पण डावा पाय गुडघ्याच्या वरून काढला.

सरकारी वकील म्हणाले, घरात घुसला, कांब मारली, तुमच्यावर खटला होण्याचा प्रश्न नाही. टॉमने गालाचं विचारलं. मी सांगितलं, झटापटीत लागलं. त्याने ते लिहून घेतलं, आणि लिहिताना पेन जरा थांबलं.

कॅफेत गेलो तर माणसं उठून उभी राहिली. चेरी पायचे पैसे घेतले नाहीत. एमेट टेबलाशी आला. "चार इंची ना? मी काय म्हटलं होतं?" मग पंधरा मिनिटं सगळ्यांना नळ्यांचं समजावत बसला. मी कॉफी पीत बसलो. छान वाटत होतं.

घरी ते सांगावं म्हणून आलो, तर दोघी वरच्या खोलीत होत्या. दाराला आतून कडी.

शनिवार, १२ ऑक्टोबर

गेल्या.

सकाळी मी खांदा दाखवायला गेलो होतो. आलो तेव्हा खोकी नव्हती. टेबलावर चिठ्ठी: "सॉल्व्हेगकडे जातो आहोत. तुझ्या गोळ्या खिडकीत आहेत, पांढऱ्या सकाळी, पिवळ्या जेवणानंतर. फ्रीजरमध्ये बारा डबे आहेत. इंगा." फरशी घासून स्वच्छ केली होती. गोळी घुसली तिथे तिने छोटी चटई टाकली आहे.

चार दिवस आराम करून येतील. डेल आता कुणाला काही करू शकत नाही. मग घाबरायचं कुणाला?

रविवार, २० ऑक्टोबर

सॉल्व्हेगकडे फोन केला, नवीन बसवलेल्या फोनवरून. ती म्हणाली इंगा बाहेर गेली आहे. मागे इंगा खोकलेली मी ओळखली. एकोणचाळीस वर्षं ऐकतो आहे तो खोकला.

मी ओरडलो. तिने फोन ठेवला.

शनिवार, २ नोव्हेंबर

सकाळी टॉम किल्डे आला. टोपी हातात. आत ये म्हटलं तर ओसरीवरच उभा राहिला.

"ऑर्व्हल, हे तुला द्यायचंय. माझं काम आहे, दुसरं काही नाही." लांब पाकीट. स्पोकॅनच्या न्यायालयाचं. मी उघडलं. अर्जदार बाईच्या घराजवळ, कामाजवळ जायचं नाही, फोन करायचा नाही, पत्र लिहायचं नाही. वाचून मी म्हटलं, "चांगलं केलं पोरीने. पण हे डेलचं पाकीट तू मला दिलंस."

"डेलचं मी काल बिलिंग्जला जाऊन दिलं."

"मग हे?"

"नाव बघ, ऑर्व्हल."

नाव बघितलं. दोन अर्जदार, इंगा आणि लव्हॉन. खाली माझं नाव, मधल्या आद्याक्षरासकट, टंकलेखनात एकही चूक नाही.

"कुण्या वकिलाने डोक्यात भरवलंय त्यांच्या," मी म्हणालो.

टॉम टोपीची कड फिरवत राहिला. "मागे पुरवणी आहे. तिच्या हाताने लिहिलेली. मला वाचावी लागली." मग म्हणाला, "रिव्हॉल्व्हर पुराव्यात आहेच, आता रायफलही मला न्यावी लागेल." मी आणून दिली. तो गेला.

पुरवणी तीन पानांची आहे. इंगाचं बारीक, सरळ अक्षर. एकोणीस ओळी, प्रत्येक ओळीला तारीख. "४ जुलै १९४९. मिरवणुकीहून आल्यावर. दोन दात." "फेब्रुवारी १९५६. शून्याखाली वीस. दाराबाहेर, कडी आतून. लव्हॉन पोटात." "१९६३, शाळेचा पहिला आठवडा. लव्हॉन, वय सात. पट्टा, बकलाकडून." अशा; मधल्या कितीतरी मी इथे उतरवल्या नाहीत. विशेषण एकही नाही. कोठारावर आलेल्या गव्हाची पावती लिहावी तसं.

मी पेन्सिल घेऊन टेबलाशी बसलो, खोट्या असतील त्या ओळी खोडायला. वकिलाला दाखवता येतील.

पहिली आठवत नव्हती. मी म्हटलं, ही खोटी. मग त्या वर्षी मिरवणुकीत ओल्सन भावांचे ते पांढरे घोडे होते हे आठवलं. इंगाने निळी टोपी घातली होती, आणि त्या भावांपैकी एकाशी बोलताना ती हसली होती. मग बाकीचं आठवलं. दुसरी सोडून तिसरीकडे गेलो. तिसरीपाशी हिवाळा आठवला, कोठारावर उंदीर झाले होते, मालक माझ्यावर सगळ्यांसमोर डाफरला होता, आणि मी घरी आलो होतो.

जेवायची वेळ टळून गेली. डबा बाहेर काढून ठेवला होता तो वितळून त्याचं पाणी टेबलावर आलं, ते कागदापासून दूर पुसलं.

चौदाव्या ओळीत इंगाने एक शब्द खोडून वर दुसरा लिहिला आहे. तिने आधी मार्च लिहिलं होतं, मग एप्रिल केलं.

एप्रिलच होता तो.